जॉब सोडायचाय हे आधीच सांगावं की ऑफर लेटर आल्यावर?

हिंजवडीत बऱ्याच आयटी कंपन्यांत 90 दिवसांचा नोटीस पिरियड असतो, त्यामुळे हा प्रश्न पडतोच. आधी सांगितलं की मन हलकं होतं, हँडओव्हर नीट होतो, पण मी तसं सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात नव्या प्रोजेक्टमधून नाव गेलं, अप्रेझलला तर मॅनेजर माझ्याकडे न बघता लॅपटॉपकडेच बघून बोलत होते. ऑफर लेटर हातात आल्यावर सांगितलं तर पगार सेफ, फक्त टीममधली जवळची माणसं दुखावतात आणि ते खरंच मनाला लागतं. तरी मी हेच निवडेन, नोकरकपात करताना कंपनी तरी कुठे आधी सांगते? मात्र कुणी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. आणि 5 वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम) बघूनच तारीख ठरवा.