रक्त पातळ करणारी गोळी : जुनी घ्यावी की नवी?

नोव्हेंबरात पायाचं प्लास्टर निघालं आणि आठवड्यात डावी पोटरी सुजून दगडासारखी झाली. डॉप्लर सोनोग्राफीत रक्ताची गुठळी दिसली. सुरुवातीला पोटात हेपरिनची इंजेक्शनं, सोबत असेनोकुमारॉल ही जुनी गोळी. ती तीन महिने घेतली, पुढचे तीन महिने अपिक्साबॅन ही नवी. दोन्ही घेतलेला माणूस म्हणून लिहितोय.

गुठळी वाढू न देण्यात दोन्ही भरवशाच्या. माझा पाय दोन्हींवर सारखाच उतरत गेला. मला छळलं ते आयएनआरने, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या, जुन्या गोळीवर सारख्या कराव्या लागणाऱ्या तपासणीने. आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं.

जुनी गोळी व्हिटॅमिन केचं काम अडवते आणि ते असतं हिरव्या पाल्यात. आता सोलापुरात जानेवारीत पालेभाजी टाळायची म्हणजे काय! घरात एक दिवस चाकवत, एक दिवस हरभऱ्याची भाजी. आयएनआर 2 ते 3 च्या मधे हवा, माझा 1.6 वर आला. गोळी वाढवली. मी घाबरून पालेभाजी बंदच केली, तर तो 4.1 वर गेला आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त. मग एक दिवस दोन मिलिग्रॅम, एक दिवस तीन, कॅलेंडरवर खुणा करून. गड्डा जत्रेच्या आठवड्यातही सकाळी लॅबच्या बाकावर बसलो होतो. पालेभाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी ठेवायची असते, हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

अपिक्साबॅनवर आल्यावर हे थांबलं. सकाळी आठ, रात्री आठ, पाच-पाच मिलिग्रॅम. भाकरीबरोबर मेथी निवांत खाल्ली. मोठ्या अभ्यासांतही तिच्यात गंभीर रक्तस्राव कमी दिसलाय.

पैसे जास्त जातात, हे खरं. पण लॅबच्या खेपा आणि बुडालेले अर्धे दिवस धरले, तर मला फरक फारसा वाटला नाही. विसराळू माणसाने मात्र विचार करावा. हिचा असर दिवसभरात ओसरतो, त्यामुळे दोन-तीन गोळ्या चुकल्या की संरक्षणच उरत नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) बघूनच ठरवावं लागतं. अंगदुखीला दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणून घेणं दोन्हींवर धोक्याचं.

आणि काहींना निवडच नसते. बार्शीच्या मामांना हृदयात धातूची झडप बसवली आहे. तिथे नव्या गोळ्या चालत नाहीत. अशा झडपेवर डॅबिगॅट्रान ही दुसरी नवी गोळी देऊन पाहिलेली चाचणी मधेच थांबवावी लागली होती. संधिवाती तापाने हृदयाची मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल, तरी जुनीच. मामा वर्षानुवर्षं तीच घेतात, आयएनआरची वही जपतात, आणि मामी रोज मोजून एक वाटी पालेभाजी वाढते.

तुमची झडप ठीक असेल आणि वेळा पाळता येत असतील, तर डॉक्टरांना अपिक्साबॅनबद्दल आधी विचारा, असं मी म्हणेन.