भाजीच्या डब्यातली इथिलीन-शोषक पुडी: घ्यावी का?

पुण्यात ऑनलाइन सहज मिळणाऱ्या या पुड्यांत पोटॅशियम परमँगनेट मुरवलेले सच्छिद्र दाणे असतात. काम एकच: हवेतला इथिलीन वायू ओढून त्याचे ऑक्सिडीकरण करणे. इथिलीन हे वनस्पतींचेच संप्रेरक. पिकती केळी, सफरचंद, पपई, चिकू ते भरपूर सोडतात आणि शेजारच्या हिरव्या भाजीतले हरितद्रव्य त्यामुळे लवकर मोडते.

ब्रोकोलीला पुडीचा खरा फायदा. तिच्या कळ्यांवरची हिरवी आवरणे इथिलीनने फार झटकन पिवळी पडतात. काकडी आणि कारल्यालाही उपयोग होतो. मेथी-पालकाच्या बाबतीत मात्र पाकिटावरचे दावे वाढवून केलेले वाटतात. पाने हिरवी ठेवणारे सायटोकायनिन मुख्यतः मुळांत तयार होते. कापणीनंतर तो पुरवठाच तुटतो. पुडी इथिलीन कमी करील, तुटलेला पुरवठा कुठून आणणार? तिथे थंडावाच कामाचा.

वापरायची पद्धत महत्त्वाची. भाजीच्या उघड्या कप्प्यात पुडी टाकली तर फळांचा वायू येतच राहतो आणि ती फुकट झिजते. मंडईतून आणलेल्या जुडीवर पाणी मारलेले असते. ते झटकून, पाने पंख्याखाली कोरडी करून घट्ट डब्यात ठेवा, तळाशी सुती फडके घाला आणि पुडी झाकणाच्या आतून चिकटवा. ओल्या भाजीखाली दाबलेली पुडी पाझरते आणि पानांवर तपकिरी डाग पडतात. ब्रोकोली, कोथिंबीर फ्रिजच्या सर्वांत थंड भागात. काकडी तिथे नको, तिला १०–१२ अंश लागतात; त्याहून थंडीत सालीवर खड्डे पडून ती पाणचट होते.

सर्वांत मोठा दोष वेष्टणाचा. दाणे जांभळ्याचे तपकिरी झाले की पुडी संपली, पण अपारदर्शक कागदातून ते कळणार कसे? "अमुक दिवस चालते" यावर विसंबू नका, कारण डब्यात किती इथिलीन आहे त्यावर सगळे ठरते. दाणे दिसणारी पुडीच घ्या.

फळे आधीच वेगळी ठेवत असाल तर हा खर्च टाळता येईल. एकाच छोट्या फ्रिजात दोन्ही कोंबावे लागत असेल तर जरूर घ्या. पुडी फाटली तर दाणे लागलेली भाजी टाकून द्या, आणि मुलांच्या हाती पुडी लागू देऊ नका.