छोटी गाडी की मोठी सेडान: हाताळणी भरल्या गाडीत बघा

गाडीच्या हाताळणीची परीक्षा बहुतेक वेळा एकट्या चालकाने घेतलेली असते. मागची सीट मोकळी, डिकी रिकामी, रस्ता चांगला. अशा परीक्षेत छोटी हॅचबॅक मोठ्या सेडानपेक्षा चपळ ठरते आणि त्यात खोटं काहीच नाही. पण आमच्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत, दोन्ही मीच चालवते, आणि माझं ठाम मत आहे की सगळ्या सीट भरल्याशिवाय ही तुलना करूच नये.

आधी हॅचबॅकचं कौतुक करते, कारण कामावर जाताना मी तीच नेते. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक वळतं. डावीकडून लगेच उजवीकडे जायचं असलं तरी गाडी रेंगाळत नाही. यामागचं मोठं कारण म्हणजे व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. सुझुकी स्विफ्टमध्ये ते 2450 मिलिमीटर आहे, तर टोयोटा कॅमरीमध्ये 2825. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या आतून जातात. पुढचं चाक 6 मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल, तर स्विफ्टइतक्या व्हीलबेसचं मागचं चाक साधारण 52 सेंटिमीटर आत सरकतं, कॅमरीइतक्याचं 71. अरुंद कोपऱ्यावर फुटपाथची कड मागच्या टायरला लागते की नाही, ते याच फरकावर ठरतं. शिवाय सेडानमध्ये लांब बॉनेट आणि डिकी यांचं वजन गाडीच्या मध्यापासून दूर असतं. त्यामुळे तिला वळायला लावायलाही जोर लागतो आणि वळणं थांबवायलाही.

छोट्या गाडीची ही ताकद जगाला दाखवली ती 1959 च्या मिनीने. तिचा रचनाकार अॅलेक इसिगोनिस याने इंजिन आडवं बसवलं, 10 इंची चाकं चार कोपऱ्यांत ढकलली आणि जेमतेम 3.05 मीटर लांबीत चार माणसांना जागा करून दिली. त्याच मिनीने 1964, 1965 आणि 1967 मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली, तीही कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकून. मला ही गोष्ट फार आवडते.

आता गाडीत घर बसवू. मागे आई, तिच्या शेजारी दोन मुलं, पुढे नवरा, डिकीत बॅगा. माणसं आणि सामान मिळून 400 किलो धरा. 950 किलोच्या हॅचबॅकवर हा बोजा तिच्या स्वतःच्या वजनाच्या 42 टक्के होतो, 1500 किलोच्या सेडानवर 27 टक्के. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हॅचबॅकची मागची स्प्रिंग एकट्या माणसाला धक्के बसू नयेत इतकी मऊही हवी आणि पाच जणांना पेलेल इतकी कडकही. मागची बाजू खाली बसते, पुढच्या चाकांवरचा भार त्या प्रमाणात वाढत नाही, हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. सकाळी जे स्टिअरिंग नेमकं वाटत होतं, तेच घाटातल्या वळणावर थोडं उशिरा उत्तर देतं. सेडानही खाली बसते, पण तिचा स्वभाव तितका बदलत नाही. मी भरल्या गाडीत तिच्यावर जास्त विश्वास टाकते तो यासाठीच.

मागे बसणाऱ्यांची गोष्ट वेगळीच. आईची कंबर दुखते, त्यामुळे गतिरोधक आला की माझं अर्धं लक्ष आरशात असतं. लांब व्हीलबेसची गाडी पुढे-मागे कमी झुलते. हॅचबॅकमध्ये मागची सीट मागच्या चाकांच्या अगदी जवळ असते, म्हणून चाकाचा दणका थेट पाठीत जातो. त्यातही बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो. दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेली, त्यामुळे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवीकडेही ते जाणवतं. हा दोष आकाराचाच आहे असं मात्र नाही. 1998 च्या फोर्ड फोकसला मागे स्वतंत्र मल्टिलिंक सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर वेगळं हलतं, आणि मध्यम आकाराची हॅचबॅकही वळणावर किती सफाईदार आणि बसणाऱ्याला किती आरामशीर असू शकते ते दिसलं. म्हणून गाडी घेताना लांबीआधी मागचं सस्पेन्शन विचारा.

आमच्या सेडानबद्दल माझी तक्रारही आहे. तिचं स्टिअरिंग इतकं हलकं आहे की ओल्या रस्त्यावर पुढच्या टायरची पकड किती उरली ते हाताला कळत नाही. वळणावर ती कलतेही बरीच. हॅचबॅक हे सगळं आधीच सांगते. नवशिक्या चालकाला मी डोळे झाकून हॅचबॅक देईन. उतारावर मात्र दोन्हींना सारखाच नियम: वजन वाढलं की ब्रेकवरचं काम त्याच प्रमाणात वाढतं, वेग दुप्पट झाला तर चौपट. गिअर खाली घ्या, नुसत्या ब्रेकवर उतरू नका.

टेस्ट ड्राइव्हला जाताना घरच्यांना घेऊन जा, डिकीत बॅगा टाका आणि वळणाचा, खड्ड्यांचा रस्ता निवडा. त्याआधी चालकाच्या दारालगतच्या खांबावरचा स्टिकर वाचा. बऱ्याच गाड्यांत तिथे भरल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो, विशेषतः मागच्या टायरसाठी. तेवढी हवा भरून मगच गाडी बाहेर काढा.