गोचिडांवर बारा आठवड्यांची गोळी : ब्राव्हेक्टोचा अनुभव

जूनचा पाऊस सुरू झाला की कुत्रा असलेल्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. ओल्या गवतात लोळण्याचा कुत्र्याचा आनंद आणि त्यानंतर त्याच्या अंगावरचे गोचीड शोधण्याचा घरच्यांचा उद्योग. आम्ही पुण्यात कोथरूडला, वेताळ टेकडीपासून जवळ राहतो. आमची चिंगी ही गावठी जातीची, अठरा किलोच्या आसपास वजनाची कुत्री आहे आणि सकाळी टेकडीवर नेल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. गेले काही पावसाळे आम्ही तिला पशुवैद्यांच्या सल्ल्याने ब्राव्हेक्टो ही चावून खाण्याची गोळी देत आहोत. या गोळीने काय साधते आणि काय साधत नाही, हे नव्याने कुत्रा घेतलेल्या शेजाऱ्यांकडून वरचेवर विचारले जाते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

ब्राव्हेक्टोमधील औषधाचे नाव फ्लुरालेनर. ते आयसोक्सॅझोलिन नावाच्या औषधवर्गातले आहे. युरोप आणि अमेरिकेत या गोळीला 2014 साली मान्यता मिळाली. पोटात गेल्यावर औषध रक्तात उतरते आणि तिथून त्वचेपर्यंत पोहोचते. गोचीड किंवा पिसू चावून रक्त पिऊ लागली की तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन ती मरते. एका गोळीचा परिणाम साधारण 12 आठवडे टिकतो आणि याच वर्गातील बहुतेक गोळ्या महिन्याला एक द्याव्या लागत असल्यामुळे हेच तिचे मोठे वैशिष्ट्य मानले जाते. पाकिटे वजनगटानुसार येतात : 2 ते 4.5 किलो, 4.5 ते 10, 10 ते 20, 20 ते 40 आणि 40 ते 56 किलो. चिंगीला 10 ते 20 किलो गटातील 500 मिलिग्रॅमची गोळी लागते. गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या वेळी द्यावी, कारण अन्नासोबत औषध अधिक चांगले शोषले जाते. चिंगी ती खाऊ समजून खाते. ज्यांची कुत्री गोळी थुंकून टाकण्यात पटाईत असतात, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

गोचिडांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणाऱ्यांनी आपल्याकडच्या तपकिरी गोचिडाची राहणी समजून घ्यायला हवी. हा गोचीड अंड्यातून बाहेर पडल्यावर तीन वेळा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरले की कुत्र्याच्या अंगावरून उतरून आडोशाला जातो. तिथे कात टाकून तो पुढच्या अवस्थेत जातो आणि पुन्हा कुत्रा शोधतो. शेवटी रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा सोफ्याच्या शिवणीत काही हजार अंडी घालते. पूर्ण वाढ झालेला गोचीड अन्नावाचून कित्येक महिने तग धरू शकतो. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते गोचीड हा घरातल्या एकूण गोचिडांचा लहानसा भाग असतो. आपल्याकडची उबदार हवा त्यांना मानवते, त्यामुळे पावसाळा संपला तरी ते संपत नाहीत. दिवाळीनंतर निर्धास्त होणाऱ्या घरांना डिसेंबरात पुन्हा गोचीड सापडतात, त्याचे कारण हेच आहे.

आणि प्रश्न केवळ खाजेचा नाही. हाच गोचीड एर्लिकिया नावाचे जिवाणू आणि बबेशिया नावाचे रक्तातील परजीवी कुत्र्यांमध्ये पसरवतो. पशुवैद्य आणि पाळणारे दोघेही या आजारांना सरसकट गोचीडताप म्हणतात. कुत्रा जेवणाकडे पाठ फिरवतो, अंग तापते, हिरड्या फिकट पडतात, रक्तातील प्लेटलेट्स घटतात आणि कधी नाकातून रक्त येते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते आणि उपचार लांबले तर कुत्रा दगावूही शकतो. चिंगीला एकदा हा ताप येऊन गेला आहे. एरवी बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून तीन खोल्या ओलांडून धावणारी कुत्री, समोर ठेवलेल्या दूधभाताकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. ज्याने आपल्या कुत्र्याचे असे पडून राहणे पाहिले आहे, त्याला गोचिडांच्या बंदोबस्तावर होणारा खर्च चैनीचा वाटत नाही.

ब्राव्हेक्टोपूर्वी आम्ही प्रचलित उपाय क्रमाने वापरले. अंगावर चोळायची पावडर तिने चाटू नये म्हणून तिच्यामागे फिरावे लागे. पाण्यात कालवून अंगाला लावायचे अमिट्राझ प्रभावी होते, पण ते अंगावरच वाळू द्यायचे असते आणि तोवर कुत्र्याला चाटू न देणे हे संयमाची परीक्षा पाहणारे काम आहे. मानेवर थेंब टाकण्याची फिप्रोनिलसारखी औषधे वापरायला सोपी असतात, मात्र त्यांच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ टाळावी लागते. पावसात रोज भिजून येणाऱ्या कुत्रीच्या बाबतीत हे जमवणे अवघड होते. शिवाय या सगळ्या बाहेरून लावण्याच्या औषधांमुळे घरात एक नवीच पंचाईत होत असे. औषध लावले की एकदोन दिवस मुलांना तिच्या गळ्यात पडू द्यायचे नाही, आजीच्या पायाशी तिला झोपू द्यायचे नाही आणि कोणी चुकून हात लावलाच तर त्याला हात धुवायला पिटाळायचे. कुत्रा पाळण्यातले निम्मे सुख हात लावण्यात, कुरवाळण्यात असते आणि औषधाच्या दिवसांत नेमके तेच दुरावत असे.

गोळीने झालेला सर्वांत मोठा फरक मला इथे जाणवतो. तिच्या अंगावर काहीच लावलेले नसते. गोळी दिल्यावर त्याच संध्याकाळी तिला आंघोळ घालता येते आणि भिजून आल्यावर टॉवेलने खसाखसा पुसता येते. मुलगी तिच्या पोटावर डोके ठेवून अभ्यास करते, तेव्हा आता कोणी ओरडत नाही. संध्याकाळी विंचरण्याचा आमचा परिपाठ मात्र आम्ही सोडलेला नाही. कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून पाहायची आणि मग खाली पांढरा कागद पसरून बारीक दातांची फणी फिरवायची. गोळी सुरू होण्यापूर्वी या जागांवर एरंडीच्या बीसारखे टम्म फुगलेले करडे गोचीड हाताला लागत. आता अधूनमधून कागदावर पडतो तो एखादा चपटा, वाळलेला, पाय आखडून मेलेला गोचीड.

हा मेलेला गोचीड पाहून पुष्कळ लोकांचा गैरसमज होतो, त्यामुळे त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. गोळी घेतलेल्या कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसला म्हणजे गोळी वाया गेली असे नाही. हे औषध गोचिडांना दूर पळवत नाही. गोचीड अंगावर चढणार, चावणार आणि त्यानंतर काही तासांनी मरणार, असाच त्याचा मार्ग आहे. मात्र याच मार्गात त्याची खरी मर्यादाही आहे. एर्लिकियाचे जिवाणू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या शरीरात जाऊ शकतात, तर गोचीड मरायला अर्धा-एक दिवस लागू शकतो. त्यामुळे गोळीने गोचीडतापाचा धोका बराच घटतो, पण तो शून्यावर येत नाही. विक्रेते ही गोष्ट क्वचितच सांगतात. गोळी चालू असतानाही कुत्रा सुस्त झाला आणि त्याने जेवण टाकले, तर ‘गोळी दिली आहे, गोचीडताप नसणार’ असे गृहीत न धरता रक्ताची तपासणी करून घ्यावी.

गोळीमुळे घराची साफसफाई टळत नाही, हेही तितकेच खरे. पण उपचार केलेला कुत्रा घरात वावरत राहिला की त्याच्यावर चढणारा गोचीड अंडी घालण्याआधीच मरतो आणि त्यामुळे घरातील पैदास हळूहळू खुंटते. पहिल्या काही आठवड्यांत आम्हाला भिंतीवर वर चढणारे बारीक गोचीड दिसत राहिले. कुत्रीचे अंथरूण गरम पाण्यात धुणे, सोफ्याच्या खाचा आणि फरशीच्या कडा व्हॅक्यूमने साफ करणे आणि भिंतीच्या भेगा बुजवणे ही कामे तेव्हा चिकाटीने करावी लागली. जिवंत गोचीड सापडला तर तो नखांनी चिरडू नये आणि त्यावर रॉकेल किंवा पेटती काडी धरण्याचे घरगुती प्रयोगही करू नयेत. चिमट्याने त्वचेलगत धरून तो सरळ वर ओढून काढावा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावा.

आता सुरक्षिततेबद्दल. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली या संपूर्ण औषधवर्गाबाबत इशारा दिला होता. ही औषधे बहुतांश कुत्र्यांना सुरक्षित असली, तरी काही कुत्र्यांमध्ये अंग थरथरणे, तोल जाणे किंवा झटके येणे असे परिणाम दिसू शकतात, असा त्याचा आशय होता. म्हणून ज्या कुत्र्याला पूर्वी कधी झटका आला असेल, त्याच्या मालकाने ही माहिती पशुवैद्यांना आधी सांगितलीच पाहिजे. मान्यतेपूर्वीच्या अमेरिकी चाचणीत शंभरातील सुमारे सात कुत्र्यांना उलटी झाली होती आणि जवळपास तेवढ्याच कुत्र्यांची भूक मंदावली होती. चिंगीला यांपैकी काहीच झाले नाही, परंतु एका कुत्रीच्या अनुभवावरून दुसऱ्याच्या कुत्र्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. बारा आठवडे टिकणे हा या गोळीचा गुण आहे, पण एखाद्या कुत्र्याला ती सोसली नाही, तर शरीरात गेलेले औषध लवकर बाहेर काढता येत नाही. माझे मत विचाराल तर ज्या कुत्र्याने या वर्गातील औषध कधीच घेतलेले नाही किंवा ज्याची प्रकृती नाजूक आहे, त्याच्यासाठी महिनाभर टिकणाऱ्या गोळीपासून सुरुवात करण्याबद्दल पशुवैद्यांशी बोलावे. त्या गोळ्या अफोक्सोलेनर किंवा सॅरोलेनर या नावांच्या औषधांच्या असतात. अगदी लहान पिलांबाबत तर स्वतःच्या मनाने काहीच देऊ नये. युरोपातील सूचनांनुसार 8 आठवड्यांपेक्षा लहान किंवा 2 किलोपेक्षा हलक्या पिलाला ही गोळी देत नाहीत, तर अमेरिकेत किमान वयाची अट 6 महिन्यांची आहे.

किमतीबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात आणि एकरकमी आकडा पाहिला तर त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. मात्र तुलना करताना तीन महिन्यांतील पावडर, थेंब, साबण आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांची बेरीज समोर ठेवावी. पैसे वाचवण्यासाठी मोठ्या कुत्र्याची गोळी आणून ती दोन लहान कुत्र्यांत वाटून देण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती मला मुळीच पटत नाही, कारण अर्ध्या तुकड्यात नेमके किती औषध गेले हे आपल्याला कळत नाही. तीच गोष्ट वजनाची. अंदाजाने गट ठरवू नये. घरच्या काट्यावर आधी स्वतः एकटे आणि मग कुत्र्याला उचलून उभे राहिले, की फरक काढून वजन मिळते. चिंगी वीस किलोच्या सीमेवर येऊ लागली तेव्हा आम्ही प्रत्येक गोळीआधी वजन करू लागलो. खरेदी ओळखीच्या पशुवैद्यांकडून किंवा खात्रीच्या औषध दुकानातूनच करावी. पाकीट सीलबंद आहे ना आणि मुदत संपलेली नाही ना, हे तिथेच पाहून घ्यावे. एका दुकानात आम्हाला पाकीट फोडून सुटी गोळी देऊ केली होती. ती आम्ही घेतली नाही, कारण त्यावर ना वजनगट दिसत होता ना मुदत.

शेवटची गोष्ट सोसायटीची. आमच्या इमारतीच्या वाहनतळात दोन भटकी कुत्री राहतात आणि चिंगीची त्यांच्याशी जुनी मैत्री आहे. घरातल्या एकाच कुत्र्याला गोळी दिली आणि जिन्याखाली झोपणारी कुत्री तशीच राहिली, तर गोचिडांचा पुरवठा सुरूच राहतो. यंदा काही कुटुंबांनी वर्गणी काढून त्या दोघांनाही गोळी दिली. एका पशुवैद्यांना बोलावून आधी त्यांची वजने आणि प्रकृती पाहून घेतली आणि मग गोळी अंडे कुस्करलेल्या भातात मिसळून खाऊ घातली. गोळी खरोखर पोटात गेली की नाही, हे पाहायला दोघे जण भांडे रिकामे होईपर्यंत तिथेच उभे राहिले. ज्या इमारतींत पाळीव आणि भटकी कुत्री एकत्र वावरतात, तिथे मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, असा एकत्रित डोस द्यावा आणि पुढची तारीख सूचना फलकावर लिहून ठेवावी.