थायलंडच्या जॉबच्या नावाखाली 4,49,000 गेले आणि पोलीस म्हणतात "तो स्वतःहून गेला ना?"

थायलंडला डेटा एन्ट्री, पगार 1,000 डॉलर, राहणं खाणं फुकट. ही जाहिरात तुम्ही पण टेलिग्रामवर बघितली असणार आणि पुढचं पण माहिती असणार. बँकॉकला उतरवतात, तिथून गाडीने माए सोत, नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी, पासपोर्ट काढून घेतात आणि बंदूकवाल्यांच्या पहाऱ्यात बाईच्या नावाचं खोटं प्रोफाइल देऊन लोकांना फसवायला बसवतात. माझ्या धाकट्या भावाला हेच करायला लावलं, टार्गेट चुकलं की उपाशी आणि वर मार. ते सगळं परत लिहायची माझ्यात ताकद नाही. पैशाचं आणि पोलिसांचं सांगते.

25,000 रजिस्ट्रेशनचे, यूपीआयने. मग 1,20,000 रोख, एजंटने आमच्याच घरात बसून दोनदा मोजून घेतले, पावती मागितली तर "ताई, विश्वास नाही का". तिकिटाचे 40,000. झाले 1,85,000. आणि आता कळतंय की परवाना असलेला एजंटसुद्धा 30,000 आणि त्यावर जीएसटी, एवढेच घेऊ शकतो. परवाना आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटात दिसतं, ते आधी बघा, मग बाकीचं बोला.

तिकीट जाऊन-येऊन होतं. बुकिंगला नंबर माझा, कारण भावाचं सिम बाहेर चालणार नव्हतं. तो विमानात बसला आणि तासाभरात मला मेसेज, रिटर्न तिकीट कॅन्सल, रिफंड प्रोसेस होतोय. रिफंड! म्हणजे आमच्याच पैशातून तिकीट काढून परतीचे पैसे पण एजंटनेच खिशात घातले. मी लगेच फोन केला तर म्हणे ताई ते फक्त इमिग्रेशनला दाखवायला असतं, परतीचं कंपनी बघते. आणि मी बरं म्हणून फोन ठेवला. विमान अजून हवेत होतं हो! उतरल्यावर वायफायवर बघेल असा एक मेसेज टाकून "एअरपोर्टच्या बाहेर पाय टाकू नको" एवढं सांगायला वेळ होता. त्याआधी भावाला पढवून ठेवलेलं, कोणी विचारलं तर फिरायला चाललोय सांग. तेव्हा थायलंडला आपल्याला व्हिसा लागत नव्हता म्हणून कोणी अडवलं पण नाही. नोकरीला निघालेल्या माणसाला कोणी फिरायला चाललोय म्हणायला सांगितलं की तिथेच बॅग खाली ठेवायची. नोकरीचा व्हिसा हातात नसेल तर जायचंच नाही.

आता "शिकलेली असून कशी फसलीस" म्हणणाऱ्यांसाठी, तो एजंट भावाच्या मित्राचा मेहुणा होता. अनोळखी असता तर मीच दारातून हाकलला असता.

मग तिकडून फोन, 2,64,000 द्या तर सोडतो, पोलिसात गेलात तर दुसऱ्या कंपनीला विकतो. मागे भावाचा रडण्याचा आवाज. तुम्ही काय केलं असतं? दोन खात्यांवर टाकले, दोन्ही खाती इथलीच, भारतातल्या बँकांची. सोडला नाहीच. असे पैसे गेले तर त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, खातं गोठवलं तरच काही हाती लागतं, मी घाबरून गप्प बसले तोपर्यंत खाती रिकामी.

पोलीस स्टेशनला गेले तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणे माणूस गेलाय, हे स्टेशनचं काम. परत स्टेशनला तर म्हणे गुन्हा बाहेरच्या देशात घडलाय, नुसता अर्ज देऊन जा. अहो, 1,20,000 काय म्यानमारमध्ये दिले मी? हद्दीचं कारण देऊन एफआयआर टाळता येत नाही, नवीन कायद्यात बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, आहात त्याच स्टेशनला नोंदवतात तो) मागा आणि निदान अर्जाची शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी ट्रॅफिकिंग म्हणजे मानवी तस्करी हा शब्द काढला तर साहेब हसले, ते बायकांच्या केसला असतं म्हणे, आणि हा तर स्वतःहून गेला ना. घरी येऊन बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) कलम 143 (जुन्या आयपीसीचं 370) वाचलं. त्यात बाई-पुरुष काही नाही, फसवून किंवा आमिष दाखवून नेलं तरी लागतं, आणि पीडिताची संमती गैरलागू असं त्यातच लिहिलंय. शिक्षा कमीत कमी 7 वर्षं.

मार्च 2025 मध्ये सरकारने हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून 549 जणांना आणलं, त्यात भाऊ परत आला. देवाची कृपा. पण इथे आल्यावर त्यालाच आरोपीसारखे प्रश्न, तू किती लोकांना फसवलंस, किती कमिशन मिळालं. पाठीवरचे वळ कोणी बघितले नाहीत. मेडिकल करून घ्या म्हणून मला भांडावं लागलं, ते पहिल्याच दिवशी करून घ्या कोणाचं असं झालं तर, नंतर खुणा राहत नाहीत.

शेवटी एजंटवर एफआयआर झाला, पण नुसता 318 म्हणजे फसवणूक, आणि सोबत एमिग्रेशन ॲक्ट 1983 (परदेशी नोकरीला पाठवण्याचा कायदा). त्या ॲक्टमध्ये विना परवाना धंद्याला जास्तीत जास्त 2 वर्षं आणि दंड 2,000 रुपये. दोन हजार! त्याने एका रिटर्न तिकिटाच्या रिफंडमध्ये त्याहून जास्त कमावले असतील. अर्थात जामीन झाला. 143 लावा म्हणून वकिलाने कोर्टात अर्ज टाकलाय, तारीख पडतेय.

चॅट, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉइस नोट काहीही डिलीट करू नका, आमची केस उभी आहे ती तेवढ्यावरच. परवा त्याच एजंटच्या स्टेटसला कंबोडियाची जाहिरात होती, कॉल सेंटर, पगार 1,200 डॉलर. स्क्रीनशॉट घेऊन स्टेशनला गेले तर म्हणे हा वेगळा विषय आहे, वेगळा अर्ज द्या.