युकुलेलेवर पट्टी बदलताना: नऊ महिने वाजवल्यानंतर

गेल्या गुढीपाडव्याला मी कॉन्सर्ट आकाराचं, म्हणजे मधल्या मापाचं, युकुलेले घेतलं; गिटारसारखं छोटं वाद्य. सोबत युकुलेलेचाच छोटा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा आडव्या दाबून धरणारा चिमटा, आणि वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा, सूर दाखवणारा ट्यूनर. सगळं मिळून साडेसात हजारांच्या आत बसलं. वाद्य लॅमिनेटेड महोगनीचं आहे, आवाज मऊ आहे, पॉलिश अजून टिकलंय. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, कारण मला हे वाद्य एका वेगळ्याच कामासाठी हवं होतं: एकच गाणं वेगवेगळ्या माणसांच्या पट्टीत, म्हणजे ज्याचा त्याचा सा धरून, वाजवता यावं म्हणून. आमच्या घरात गाणारे गळे तीन. आई, वहिनी आणि नऊ वर्षांची भाची. तिघींच्या पट्ट्या तीन, आणि साथीला मी एकटी.

आधी आईबद्दल सांगते, कारण सुरुवात तिच्यामुळे झाली. आई आयुष्यभर काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरून, गायली. तिच्या भजनी मंडळात पेटी काळी चारलाच वाजते, वाजवणाऱ्यांचा हात तिथेच बसलेला आहे. सत्तरी ओलांडल्यावर आईचा वरचा सा ताणून लागायला लागला. मग ती फक्त टाळ धरून बसायला लागली. "आता गळा राहिला नाही गं," एवढंच म्हणायची. वैशाखातल्या एका दुपारी ती मेथी निवडताना गुणगुणत होती. मी शेजारी बसून युकुलेलेच्या एकेक तारेवर तिचा सा शोधला. तो निघाला एफ, म्हणजे पांढरी चार. काळी चारपासून बरोबर तीन अर्धे सूर खाली (काळ्या-पांढऱ्या मिळून लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे अर्धा सूर). गळा होता तसाच होता, फक्त पट्टी उतरली होती. मी एफचा कॉर्ड (एकत्र वाजणारे जुळते सूर) धरला आणि तिने पूर्ण अभंग म्हटला, वरच्या सासकट. मेथीची काडी हातातच राहिली होती.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले.

युकुलेलेला चार तारा: जी, सी, ई, ए. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी म्हणजे पेटीची पांढरी एक ते सात. नव्याने शिकताना कॉर्ड इंग्रजी अक्षरांत पाठ होतात आणि पट्टी बदलायची म्हटलं की आपण अक्षरं पुढे सरकवतो. मीही तेच केलं. एका गाण्यात सी, ई मायनर (मायनर म्हणजे कोमल गंधाराचा), एफ, जी असे कॉर्ड होते. ते डीमध्ये न्यायचे म्हणून प्रत्येक अक्षर एकाने वाढवलं: डी, एफ मायनर, जी, ए. तीन कॉर्ड छान बसले आणि दुसरा कानात खडा लागावा तसा लागला. एक अख्खा आठवडा मी बोटांना दोष देत होते. चूक मोजण्यात होती. सीवरून डी म्हणजे पूर्ण सूर, पण ईवरून एफ म्हणजे अर्धाच. तिथे हवा होता एफ शार्प मायनर (शार्प म्हणजे अर्धा सूर वर). पेटी पाहिलेल्या माणसाला हे डोळ्यांनीच कळतं: पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी नसतेच, तशीच पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यामध्येही नसते. मी पेटीच्या एका सप्तकाचं चित्र काढून केसच्या झाकणाला आतून चिकटवलं. ते अजून आहे.

मग वाटलं, आपल्याकडे यासाठी भाषा आधीपासून आहे. मी गाण्यावर अक्षरं लिहिणं बंद केलं आणि स्वर लिहायला लागले. सीमधलं सी, ए मायनर, एफ, जी हे मी "सा, ध मायनर, म, प" असं लिहिते. वरच्या गाण्यातला तो दुसरा कॉर्ड आता माझ्या वहीत "ग मायनर" आहे. सा कुठे ठेवायचा ते गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरतं, आणि बाकीचे कॉर्ड आपापल्या अंतरावर येऊन उभे राहतात. पाश्चात्त्य शिकवणीत हेच रोमन आकड्यांनी करतात. पण आकड्यांपेक्षा "म वर जा, प वर थांब" हे मला गातागाताच ऐकू येतं.

आता कॅपो. ज्यांना पेटी माहीत आहे त्यांना एका वाक्यात कळेल: कॅपो म्हणजे युकुलेलेचा स्केल चेंजर, फक्त तो वरच जातो, खाली येत नाही. एका पडद्याने (मानेवरच्या आडव्या धातूच्या रेघेने) अर्धा सूर वर. नऊ महिन्यांत मला सापडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट याच्यातच आहे. युकुलेलेवर पाच पट्ट्या हाताला सोप्या: सी, डी, एफ, जी आणि ए. पेटीवर पाहिलंत तर पाचही काळ्या पट्ट्या बरोबर या पाच पांढऱ्यांच्या पुढच्या आहेत. म्हणजे कॅपो पहिल्या पडद्यावर लावायचा आणि सीचे आकार, म्हणजे बोटांची ठेवण, धरायचे की काळी एक. डीचे धरले की काळी दोन, एफचे काळी तीन, जीचे काळी चार, एचे काळी पाच. कॅपो हलवायचाच नाही, फक्त लावायचा किंवा काढायचा. राहिल्या दोन. पांढरी तीनसाठी डीचे आकार आणि कॅपो दुसऱ्या पडद्यावर, पांढरी सातसाठी एचे आकार आणि कॅपो तिथेच. बाराच्या बारा पट्ट्या झाल्या. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी भावाला उठवून सांगितलं.

मोबाइलवरचं जे अ‍ॅप मी आधी वापरत होते ते बटण दाबलं की पट्टी बदलून देतं, पण ते हाताचा विचार करत नाही. सी, ए मायनर, एफ, जी हे गाणं काळी चारला न्या म्हटलं तर ते जी शार्प, एफ मायनर, सी शार्प, डी शार्प लिहून देतं. नवशिक्या बोटांना हे झेपत नाही. तेच गाणं कॅपो लावून जी, ई मायनर, सी, डी. आवाज तोच.

अडचणीचे कॉर्ड दोन आहेत, ते लपवत नाही. एफच्या पट्टीत म म्हणजे बी फ्लॅट (बीच्या अर्धा सूर खाली). जीच्या तारेवर तिसरा पडदा, सीच्या तारेवर दुसरा, आणि उरलेल्या दोन तारा पहिल्या पडद्यावर एकाच बोटाने आडव्या दाबायच्या. मला हा कॉर्ड स्वच्छ वाजायला दोन महिने लागले. आईची पट्टीच एफ असल्यामुळे सुटका नव्हती. अंगठा मानेच्या मागे मधोमध आणला, कोपर जरा अंगाजवळ घेतलं, तेव्हा तो बसला. दुसरा एच्या पट्टीतला प, म्हणजे ई. तिथे मी ई सेव्हन (एक सूर जास्तीचा असलेला ई) वाजवते, जी, सी, ई, ए या तारांवर अनुक्रमे १-२-०-२ हे पडदे, शून्य म्हणजे मोकळी तार. प च्या जागी सेव्हन उलट गोडच लागतो.

आता घरात एकच ओवी दहा मिनिटांत तीन पट्ट्यांत फिरते. आईसाठी कॅपो काढून एफ, बी फ्लॅट, सी. वहिनी काळी पाच, तिच्यासाठी कॅपो पहिल्यावर आणि ए, डी, ई सेव्हन. भाची डीमध्ये मोकळी गाते, तिच्यासाठी डी, जी, ए. वहीत मात्र तिघींचं मिळून एकच लिहिलेलं: सा, म, प.

तक्रारीही आहेत. पहिले तीन महिने एफचा कॉर्ड कायम थोडा चढा लागायचा. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, पण ईची तार पहिल्या पडद्यावर दाबली की काटा पुढे. गंमत म्हणजे कॅपो लावून पुन्हा सुरात घेतलं की सगळे कॉर्ड एकमेकांशी जुळायचे. तिथेच दुखणं सापडलं. कॅपो लावला की मानेच्या टोकाचा नट, म्हणजे ज्याच्या खाचांत तारा टेकतात तो तुकडा, खेळातून बाहेर पडतो. म्हणजे नटाच्या खाचा उथळ राहिल्या होत्या, तार उंचावर होती, आणि पहिल्या पडद्यावर दाबताना ती जास्त ताणली जात होती. जिथून घेतलं त्या दुकानाने "नवीन वाद्य आहे, बसेल हळूहळू" म्हणून परत पाठवलं. आम्ही सांगलीचे, मिरज शेजारी. सतारी-तंबोरे करणाऱ्या एका कारागिरांकडे घेऊन गेले. त्यांनी असलं वाद्य कधी केलं नव्हतं, पण तार कुठे टेकते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तार तिसऱ्या पडद्याशी दाबायची आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघायचं. माझ्या वाद्यावर जाड पुठ्ठा सरकत होता. त्यांनी बारीक कानशीने चारही खाचा थोड्या थोड्या उतरवल्या, दर दोन हातांनंतर तार लावून बघत, फट साध्या कागदाएवढी होईपर्यंत. पाऊण तास लागला, दोनशे रुपये घेतले. नवीन युकुलेले घेणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, आधी ही फट तपासा. पट्टी बदलून काही उपयोग नाही जर वाद्य स्वतःच्या घरातच बेसूर असेल.

कॅपोबद्दल एक. गिटारचा कॅपो लावू नका. तो जड असतो, मान खाली झुकते, आणि स्प्रिंग जोराची असल्यामुळे नायलॉनच्या तारा चढतात. युकुलेलेचा घ्या आणि पडद्याच्या अगदी मागे लावा, मधोमध नको. तरीही लावल्यावर एकदा ट्यूनर बघावाच लागतो. कॅपो पहिल्यावर असताना तारेची लांबी ३८ सेंटीमीटरवरून जवळजवळ ३६ वर येते, बोटांना काही अडचण होत नाही. लहान सोप्रानोवर हीच लांबी मुळात ३३ आहे, तिथे तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर कॅपो लावून डीचा कॉर्ड धरायचा म्हटलं तर तीन बोटं एकमेकांवर चढतात. ज्यांना पट्ट्या बदलायच्या आहेत त्यांनी कॉन्सर्ट किंवा त्याहून मोठं टेनरच घ्यावं.

भाऊ बाबांची जुनी पेटी वाजवतो. ती पेटी ४४० ला (ए या सुराची नेहमीची कंपनसंख्या) नाही, ४४४ च्या आसपास आहे. पहिल्यांदा एकत्र बसलो तेव्हा दोघांची पट्टी तीच, कॉर्ड तेच, तरी कपाळावर आठ्या. ट्यूनरचं मूळ ४४४ वर नेलं, तारा नव्याने लावल्या आणि सूर मिळाला. पेटी बदलता येत नाही, तारा येतात. पेटीबरोबर बसणार असाल तर मूळ बदलता येणारा ट्यूनरच घ्या.

श्रावणात मंडळात आईने पुन्हा म्हणायचं ठरवलं तेव्हा तबल्याचा प्रश्न आला. काळी चारचा तबला हातोडीने तीन अर्धे सूर उतरवला तर आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, जाते. तबलजी काकांनी सहज सोडवलं: पांढरी चारचा पंचम म्हणजे पांढरी एक, आणि पांढरी एकचा तबला त्यांच्याकडे होता. त्यांनी पंचमात लावला. पेटीवाल्यांनीही दोन दिवस सराव केला. युकुलेलेचा आवाज टाळ-मृदंगात कोणाला ऐकू गेला नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. आई गायली.

कॉर्डऐवजी चाल वाजवायची असेल तर हिशेब थोडा बदलतो. युकुलेलेची सगळ्यात खालची तार सी, पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक. जीची तार सीच्या पलीकडे, अगदी कडेला असली तरी सुराने ती सीपेक्षा उंच. त्यामुळे सीच्या पट्टीत मंद्र पंचम (साच्या खालचा प) वाद्यावर नाहीच. आपली कितीतरी गाणी तर प वरूनच उठतात. एफच्या पट्टीत मात्र मंद्र पंचम म्हणजे मोकळी सीची तार, हात न लावता. चाल वाजवायला मी म्हणूनच एफ किंवा जी निवडते. खालच्या सुराची जीची तार मिळते, ती लावली की सीमध्येही मंद्र पंचम येतो, पण झणकारातला तो वरचा चुणचुणीत सूर जातो. मी लावून पाहिली, पंधरा दिवसांनी काढली.

एक गोष्ट जुन्या छापील नोटेशनांबद्दल. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन गाण्यांच्या कागदांवर बरेचदा तारा ए, डी, एफ शार्प, बी अशा लावायला सांगितलेलं असतं. सगळं एक पूर्ण सूर वर. आकार तेच, नावं वेगळी. असा कागद समोर आला आणि तो आपल्या वाद्यावर जसाच्या तसा वाजवला तर गाणं एक सूर खाली लागतं. १८७९ मध्ये मदेराहून होनोलुलूला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांच्या छोट्या तंतुवाद्यांतून हे वाद्य घडलं, आणि त्याची सर्वमान्य पट्टीसुद्धा अशी फिरत आलेली आहे.

कुठे जमत नाही तेही सांगते. भैरवीतल्या, कोमल स्वरांच्या चालींवर कॉर्ड लादले की गाणं गुदमरतं. तिथे मी कॉर्ड सोडून फक्त सा-प धरते. सीमध्ये ०-०-३-३, जीमध्ये ०-२-३-५. तंबोऱ्याची सर त्याला नाही, पण गाणाऱ्याला आधार मिळतो आणि कॅपो लावून तो हव्या त्या पट्टीत नेता येतो. पावसाळ्यात तारा रोज उतरत होत्या, आता थंडीत स्थिर आहेत.

आईच्या गाण्यांच्या वहीत आता प्रत्येक गाण्यापुढे तिने स्वतःच्या अक्षरात दोन पट्ट्या लिहिल्यात, एक संध्याकाळची, एक सकाळची. सकाळी तिचा गळा अर्धा सूर खाली असतो. पहाटेच्या भूपाळीपुढे लिहिलंय, पांढरी तीन. मी त्याखाली पेन्सिलीने टिपून ठेवलंय: डीचे आकार, कॅपो दुसऱ्यावर.