घरखर्चाला कॅश की कार्ड?

आमच्या घरी दोन्ही करून बघितलंय म्हणून सांगते. कॅशचं कसं, एक तारखेला किराणा, भाजी, दूध, वरखर्च अशी पाकिटं केली की पाकीट पातळ होत चाललेलं डोळ्यांना दिसतं, ५०० ची नोट मोडताना हात आपोआप थांबतो आणि वीस तारखेलाच भाजीचं पाकीट रिकामं झालं तर मग मटकी भिजत घालायची, विषय संपला. कार्डात हे होतच नाही, टॅप केलं की ५००० रुपयांपर्यंत पिनसुद्धा लागत नाही, किती गेले ते थेट बिल आल्यावर कळतं आणि क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण नाही भरलं तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला ३ ते ४ टक्के व्याज! मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरली म्हणजे सुटलो असं अजिबात नसतं, प्लीज लक्षात ठेवा. हिशोब मात्र कार्डाचा सोपा, स्टेटमेंटमध्ये सगळं येतं, कॅशमध्ये वहीत लिहिलं नाही तर शंभर रुपये कुठे गेले ते आठवत नाही. लाईटबिल, शाळेची फी ऑनलाइनच बरी. पण जिथे रोज हात जातो, भाजी, किराणा, बाहेरचं खाणं, तिथे मी कॅशच म्हणेन. सुट्या पैशांचा त्रास होतो, म्हणून एटीएममधून पैसे काढले की आधी १० आणि २० च्या नोटा करून घेते.